श्रीगोंद्याच्या उसातला नाताळ

करुणाचा फोन आला तेव्हा मी दापोलीतल्या एका हॉटेलची खोली बुक करायच्या बेतात होते. नाताळात चार दिवस समुद्र, मासे आणि झोप, एवढाच माझा कार्यक्रम होता.

"मोकळी आहेस का?" तिने विचारलं. "मला गाडी चालवणारं माणूस हवंय. तीन दिवस. जेवण चर्चची मंडळी देईल, झोपायला जागा आहे, पगार नाही."

करुणा आणि मी नगरला एका शाळेत, एका बाकावर वाढलो. मी बँकेत लागले आणि पुण्याची झाले. ती शिक्षिका झाली, आणि पंचेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडून पाळक, म्हणजे चर्चची धर्मगुरू, व्हायला निघाली. आमच्या घरात तेव्हा सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं होतं, मीसुद्धा. दोन वर्षांपूर्वी तिला दीक्षा मिळाली आणि शेवगाव तालुक्याच्या पूर्वेकडच्या एका गावात नेमणूक झाली. गावाचं नाव मी इथे लिहीत नाही, तिनेच तसं सांगितलंय. पन्नासेक ख्रिस्ती घरांची ती मंडळी. त्यातली निम्मी माणसं दिवाळीनंतर ऊस तोडायला बाहेर पडतात ती उन्हाळ्यात परततात.

"दर नाताळला माझं देऊळ अर्धं रिकामं असतं," ती म्हणाली. चर्चला आमच्याकडे देऊळच म्हणतात. "अर्धा नाताळ उसात असतो. यंदा मी त्यांच्याकडे जाणार आहे. स्कूटरवर किती सामान मावणार?"

मी दापोली रद्द केली. खरं सांगायचं तर भक्तीने नाही. मी जन्माने ख्रिस्ती असले तरी देवळात जाणं कधीच मागे पडलं होतं. पण नगर जिल्ह्यात मी लहानाची मोठी झाले, आणि ऊसतोडीचा तळ आतून कधी पाहिला नव्हता. त्याची लाज वाटली.

पहिला दिवस : पुणे, सावेडी, शेवगाव

पुण्याहून सकाळी सहाला निघा, हा पहिला सल्ला. साडेसहाच्या आत वाघोली मागे पडली तर रस्ता तुमचा, नाहीतर तुम्ही रस्त्याचे. शिरूरला चहा घेतला. घोडनदीचा पूल ओलांडला की नगर जिल्हा सुरू होतो. पाट्यांवर आता अहिल्यानगर लिहिलेलं आहे, माझ्या तोंडात अजून नगरच येतं. सुप्याच्या पुढे रस्त्याला गर्दी नव्हती. नऊच्या सुमारास मी नगरच्या सावेडीत पोचले.

करुणा एका बेकरीबाहेर उभी होती. पायाशी केकचे चौदा डबे, घोंगड्या आणि ब्लँकेटांचे तीन गठ्ठे, आणि हातात इस्त्री करून आणलेला पांढरा झगा, प्लास्टिकच्या पिशवीत. तो झगा आम्ही मागच्या खिडकीच्या वर अडकवला. पुढचे तीन दिवस वळणावळणाला तो डोलायचा आणि आरशात पाहिलं की मागे कुणीतरी बसलंय असं वाटायचं.

नगरहून शेवगावला जायला दोन-तीन रस्ते आहेत. आम्ही करंजी घाट, तिसगाव, अमरापूर असा घेतला. घाट छोटा आहे, पण वरून खालचं माळरान छान दिसतं. मला थांबून फोटो काढायचे होते, पण करुणाचा फोन थांबेना. पाळकाचं काम म्हणजे रविवारचं प्रवचन, असं मी समजत होते. घाट उतरेपर्यंत तिने तीन जणांसाठी फोनवरच प्रार्थना केली. एकाची आई दवाखान्यात होती, एका मुलीला नर्सिंगच्या प्रवेशाची चिंता होती, आणि एका नवराबायकोचं भांडण होतं, त्यात दोघांचे वेगवेगळे फोन आले. ती डोळे मिटून बोलायची, मी गाडी हळू करायची. "आमेन" झालं की ती लगेच विचारायची, "तिसगाव गेलं का?"

"सगळे तुलाच फोन करतात?" मी विचारलं.

"सकाळी मोबाइलवर मोठमोठ्या प्रचारकांना ऐकतात, आणि मग मला फोन करतात. ते प्रचारक गोरे, गुळगुळीत, मागे रंगीत दिवे. माझ्या प्रवचनात मध्येच शेळी येते." ती हसली. "पण त्यांचा नंबर कुणाकडे नसतो. माझा असतो."

शेवगावात बाजारपेठेजवळ जेवलो. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा, वर ताक. दोघींचे मिळून अडीचशे रुपये झाले आणि मालकाने तिसरी भाकरी न विचारता वाढली. तिथून गेवराईच्या रस्त्याला लागलं की हिरवळ विरळ होत जाते. कपाशी वेचून झालेली रानं, काळ्या मातीच्या भेगा, लांबवर बाभळी.

गावात शिरलो तर ख्रिस्ती आळीतल्या दर दुसऱ्या घराची कडी तारेने बांधलेली. ओट्यांवर म्हातारी माणसं आणि त्यांच्याकडे ठेवलेली शाळेतली नातवंडं. देऊळ मात्र नुकतंच चुन्याने रंगवलेलं, दारावर पताका. शेजारी दोन खोल्यांचं पाळकाचं घर. गाडी थांबताच पांढरा सदरा आणि टोपी घातलेले एक उंच, काटक म्हातारे पुढे आले.

"सलाम," ते म्हणाले. "गाडी कुनाची?"

"माझी," मी म्हटलं.

"चांगली हाय. मागं जागा हाय ना? मी बी येतो उद्या."

हे शांतवन आबा. वय अठ्ठ्याहत्तर. मंडळीतले सगळ्यात जुने पंच. करुणाने त्यांच्याबद्दल मला वाटेतच सांगितलं होतं. दोन वर्षांत आबा एकदाही तिला उलट बोलले नव्हते. पण प्रभूभोजनाची, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत भाकर वाटायची वेळ झाली, ती भाकर घेऊन रांगेपाशी आली, की ते शांतपणे उठून बाहेर जायचे. बाहेर नळ चालू आहे का, शेळ्या आत शिरल्या का, असं काहीतरी बघायचे आणि शेवटच्या गीताला परत यायचे. बाईच्या हातची भाकर त्यांनी कधी घेतली नव्हती.

आबांना यायचं होतं त्याला कारण होतं. त्यांचा मुलगा दानियल आणि सून रूथ श्रीगोंद्याकडच्या तळावर होते. महिन्याभरापूर्वी तिथेच रूथला मुलगी झाली. रूथने करुणाला निरोप पाठवला होता, की नाताळला येताय तर तळावरच बाळाचा बाप्तिस्मा करा. आबांना ते मान्य नव्हतं.

"माझा बाप, मी, माझी लेकरं, समद्यांचा बाप्तिस्मा या देवळात झाला," त्यांनी संध्याकाळी जेवताना सांगितलं. "पोरीचा उसात न्हाई व्हायचा. एप्रिलला गावी आली की शेवगावचं थोरलं पाळकसाहेब येतील. मी त्यांला बोललोय."

करुणाने त्यांच्या ताटात भाजी वाढली. "तुमची इच्छा नसेल तर मी करणार नाही, आबा," ती म्हणाली. आबांनी मान हलवली आणि भाकरी मोडली.

दुसरा दिवस : श्रीगोंदा

नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी सातला निघालो. शेवगावहून श्रीगोंद्याकडे जायचं म्हणजे परत नगरला येऊन दौंडच्या रस्त्याला लागायचं. चार तास धरा. हंगामात इकडे गाडी चालवणाऱ्यांना एकच सूचना: उसाच्या ट्रॅक्टरला मागून चिकटू नका. दोन-दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला ऊस, आणि ड्रायव्हरच्या केबिनमध्ये इतका मोठा आवाज की तुमचा हॉर्न त्याला ऐकूच जात नाही.

नगरच्या पुढे एका टपरीवर थांबलो. करुणा फोन घेऊन लांब गेली. आबा आणि मी बाकावर बसलो. त्यांनी बशीत चहा ओतला.

"बाई, तुमी बँकेत हुत्या ना?"

"होते. आता निवृत्ती घेतली."

"समजा, तुमी अकरा वर्सं शाखा एकटीनं चालवली. सायेब न्हाई, शिपाई न्हाई. समदं तुमीच. मग एक दिस वरनं सायेब आला न म्हनला, आता तुमी बाकावर बसा. कसं वाटंल?"

मी म्हटलं, "वाईट वाटेल."

"आमच्या गावाला अकरा वर्सं पाळक नव्हता. उपासना मी घेतली. माती दिली, आजाऱ्यांकडं गेलो, भांडनं मिटवली. शिकलो न्हाई फार, पन मंडळी मोडू दिली न्हाई." त्यांनी चहा संपवला. "मग ह्या आल्या. बाई हाय म्हनून थोडं वाटलं, खोटं कशाला बोलू. पन माझी गरज सरली, त्याचं लई वाटलं."

"हे तिला कधी सांगितलंत?"

"ती इचारती कुटं? ती माझी काळजी घेती. बीपीच्या गोळ्या आनून देती."

करुणा परत आली आणि आबा गाडीत जाऊन बसले.

श्रीगोंद्याच्या अलीकडे आम्ही डांबरी रस्ता सोडला. दोन्ही बाजूंना गाडीपेक्षा उंच ऊस, मध्ये चाकोरीचा रस्ता. एक किलोमीटरवर मोकळं रान आलं आणि तिथे तळ होता. उसाचं पाचट आणि प्लास्टिकची ताडपत्री यांच्या दहा-बारा कोप्या, म्हणजे वाकून आत शिरायच्या झोपड्या. एका कोपीवर कागदाची चांदणी टांगलेली होती. कुणीतरी ती बिस्किटाच्या पुड्याच्या चंदेरी कागदाची केली होती, आणि उन्हात ती खरंच चमकत होती.

मुकादम, म्हणजे टोळी आणणारा आणि तिचं काम बघणारा माणूस, पुढे आला. बबनराव नाव. करुणाने त्यांना आणि शेतमालकाला आधीच फोन करून विचारलं होतं. हल्ली असं विचारलेलं बरं असतं, ती मला म्हणाली. कुणी आडून धर्मांतराचं काही बोलायला नको.

"या, या," बबनराव म्हणाले. "सकाळपास्नं वाट बगत्यात. आज दुपारला तोड थांबवली हाय. पन ट्रॅक्टर आला तर भरावा लागंल, त्ये काय माझ्या हातात न्हाई."

इथे नवराबायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. त्या टोळीत अकरा कोयते होते. सहा करुणाच्या मंडळीचे, बाकीचे पाथर्डीकडचे हिंदू शेतकरी, ज्यांची रानं घरी कोरडी पडलेली.

रूथ चोवीस-पंचवीसची असेल. ती कोपीतून बाहेर आली, बाळ आबांच्या हातात दिलं. आबांचा चेहरा तेव्हा बघायला हवा होता. त्यांनी नातीला अजून पाहिलंच नव्हतं. ते नुसते तिच्या मुठीकडे बघत राहिले. मग त्यांना आपलं काम आठवलं.

"रूथ, बाप्तिस्मा गावी करू," ते म्हणाले. "देवळात."

रूथने पदर नीट केला. "आबा, मी तुमचं कदी मोडलं न्हाई. पन हे ऐका." तिने मागे बसलेल्या एका बाईकडे बोट दाखवलं. साठीच्या, सावळ्या, हातात तांदूळ निवडायचं सूप. "कौसामावशी. पाथर्डीच्या बाजूची. पहाटंचं पोटात दुखाय लागलं, मुकादमानं जीप आनली. पन दवाखान्यापातूर पोचलोच न्हाई. जीपमदीच झालं. पोरगी रडंना. निळी पडल्याली. मावशीनं तिला उलटी धरली, तोंड पुसलं, पाठ चोळली. मी डोळं मिटून देवाला म्हनलं, हिला वाचीव, हिला तुला दिली. मग रडली." तिने मावशीकडे पाहिलं. "एप्रिलात मी कुटं न मावशी कुटं. टोळी मोडली की पुन्यांदा गाठ पडंल का न्हाई, कोन सांगावं? माजी लेक देवाला देताना मावशी तितं पायजे. म्हनून म्हनते, आज."

दानियल बापाकडे बघत होता. आबांनी बाळ रूथकडे दिलं आणि पाटाच्या पाण्याकडे जाऊन बसले.

"आबांनी हो म्हटलं तरच," करुणा रूथला म्हणाली. "नाहीतर आज नुसती प्रार्थना करू. रागावू नको."

चारच्या सुमारास उपासना सुरू झाली. पाचटावर सतरंज्या, पोत्यांच्या घड्या. करुणाने गाडीतून झगा काढून घातला, आणि त्या धुळीत तो इतका पांढरा दिसत होता की लहान मुलं हात लावून बघायला आली. ढोलकी होती, झांजा होत्या. पहिलं नाताळचं गीत सुरू झालं आणि मला आश्चर्य वाटलं ते माझंच. मला सगळी कडवी पाठ होती. पाथर्डीची माणसंही येऊन मागे बसली. आबा पाटाकडून उठून आले आणि एका बाजूला बसले.

करुणाने चार पानांचं प्रवचन लिहून आणलं होतं. मी रात्री ते तिच्या टेबलावर पाहिलं होतं. तिने ते उघडलंच नाही. ती कौसाबाईंकडे बघत होती.

"गोठा आपल्याला पाठ आहे," तिने सुरुवात केली. "मेंढपाळ पाठ आहेत, तारा पाठ आहे. मी आज एक प्रश्न विचारते. बाळंतपण कुणी केलं?"

एक म्हातारी म्हणाली, "देवानंच केलं आसंल."

"देव करतो, पन पानी कोन तापवितं?" रूथच बोलली, आणि सगळे हसले.

"तेच विचारते," करुणा म्हणाली. "परकं गाव. राहायला जागा नाही. पहिलटकरीण. नवरा सुतार, त्याला काय कळणार? कुणीतरी बाई आली असेलच ना? शेजारची, नाहीतर वाटेवरची. तिने पाणी ठेवलं असेल, नाळ कापली असेल, बाळ पुसलं असेल. तिचं नाव आपल्याला कुणी सांगितलेलं नाही. ती कुठल्या गावची, कुठल्या जातीची, देवळात जायची का, काही माहीत नाही. पण जगाच्या तारणाऱ्याला पहिल्यांदा हातावर घेतलं ते तिने. नंतर शिष्य आले, पाळक आले, मी आले. आमच्या सगळ्यांच्या आधी तिचे हात."

रूथने मांडीवरच्या बाळाला थोपटलं.

"त्या बाईचं नाव मला सांगता येत नाही," करुणा म्हणाली. "पण रूथच्या लेकीला जिने घेतलं, तिचं येतं. त्या मागे बसल्यात."

सगळ्या माना वळल्या. कौसाबाईंनी पदर तोंडावर ओढला. "आता गं बाई," त्या म्हणाल्या, "मी काय केलं? जीप हादरं देत हुती, म्या निस्ती धरली पोरीला."

आणि नेमका तेव्हा ट्रॅक्टर आला.

दोन ट्रॉल्या, गाण्याचा दणका, धूळ. तो आल्यावर टोळीला थांबता येत नाही, हे मला दानियलने नंतर सांगितलं. भरायला उशीर झाला तर कारखान्यावर नंबर मागे जातो, तो सगळ्या टोळीचा मागे जातो. सहा कोयत्यांची माणसं उठून उभी राहिली. बायकांनी डोक्याला फडकी बांधायला घेतली. करुणाने झग्याच्या बाह्या सारख्या केल्या.

मागच्या रांगेतून पाथर्डीचा एक गडी उठला. "बसा तुमी," तो म्हणाला. "आमी भरतो."

"पाच कोयत्यांनी दोन ट्रॉल्या?" दानियल म्हणाला. "अंधार पडंल."

"पडंल तर पडंल. संक्रांतीला तुमी भरा. मुकादम, काय म्हनता?"

बबनरावांनी डोकं खाजवलं. मग ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरकडे वळून म्हणाले, "तुझं गानं बंद कर आदी. हितं देवाचं चाललंय." आणि स्वतः चपला काढून मोळी उचलायला गेले. मुकादमाला मोळी उचलताना त्या टोळीने बहुधा पहिल्यांदाच पाहिलं. कौसाबाईही उठत होत्या, तर त्यांच्याच लोकांनी त्यांना खाली बसवलं.

या गडबडीत आबा उभे राहिलेले मी पाहिले. ते चालू लागले. करुणाने पाहिलं, रूथने पाहिलं. नेहमीसारखे बाहेर निघाले, असंच वाटलं. ते दानियलच्या कोपीत वाकून शिरले आणि स्टीलची परात घेऊन बाहेर आले. हंड्यापाशी बसून त्यांनी ती राखेने घासली, विसळली, पुन्हा विसळली, आणि स्वच्छ पाण्याने भरून दोन्ही हातांत धरून करुणासमोर आणली.

"हे चालंल?" त्यांनी विचारलं.

"चालेल," करुणा म्हणाली.

आबांनी परात एका मुलाकडे धरायला दिली, कौसाबाईंकडे गेले, हात जोडले. "तुमी घ्या पोरीला," ते म्हणाले, "न मला द्या. मी पाळकबाईंला देतो." तसंच झालं. बाळ कौसाबाईंच्या हातातून आबांच्या हातात आणि तिथून करुणाच्या हातात गेलं. ते झोपलेलं होतं.

"या बालिकेचं नाव काय ठेवता?" करुणाने विचारलं.

रूथ म्हणाली, "मावशीनं सांगावं."

कौसाबाईंनी थोडा विचार केला. "उजाडताना झाली. उषा म्हना."

"मार्था," आबा म्हणाले. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. "माझ्या आईचं नाव हाय. म्हंजे, उषा बी चांगलंय."

करुणा हसली, आणि तिने बाळाच्या कपाळावर तीनदा पाणी घातलं: उषा मार्था. बाळाने डोळे उघडले आणि चांगलं खणखणीत रडलं. कौसाबाई मोठ्याने म्हणाल्या, "रडू द्या, रडू द्या, ऐकू द्या मला." ट्रॉलीवरचे लोकही हसले.

ऊस भरून झाल्यावर सगळे एकत्र जेवलो. मटणाचा रस्सा, बाजरीच्या भाकरी, पाथर्डीकरांमधल्या माळकऱ्यांसाठी वेगळं वांगं, आणि सावेडीच्या बेकरीचे केक, जे प्रवासात चेपून एका बाजूला झुकले होते. मुकादमांनी केकचे तुकडे केले. मी इतक्या हॉटेलांबद्दल या ब्लॉगवर लिहिलंय, पण मोळ्या उचलून आलेल्या माणसांच्या पंगतीत बसून जेवले नव्हते. कुणी घाई करत नव्हतं, आणि प्रत्येक जण दुसऱ्याला वाढत होता.

परतताना आबा मागच्या सीटवर झोपी गेले. सांगावं की नाही, असा मी नगर जवळ येईपर्यंत विचार केला. मग करुणाला टपरीवरचं सगळं बोलणं सांगितलं. तिने मागे वळून झोपलेल्या आबांकडे पाहिलं.

"अकरा वर्षं," ती म्हणाली. "आणि मी आल्यावर त्यांच्याकडून चाव्या आणि वहीच घेतली फक्त. मी कधी विचारलंच नाही गं."

"आजचं प्रवचन त्यांच्यासाठी होतं का?"

"नाही. कौसाबाई दिसल्या आणि सुचलं. आबांसाठी म्हणून बोलायला गेले असते तर चार पानांच्या बाहेर गेलेच नसते."

तिसरा दिवस : नाताळ

रात्री सावेडीत माझ्या चुलतबहिणीच्या फ्लॅटवर झोपलो आणि पहाटे पाचला पुन्हा निघालो. करंजी घाटात धुकं होतं. साडेनऊला देवळाची घंटा वाजत होती.

देऊळ खरंच अर्धं रिकामं होतं. काठ्या टेकत आलेली म्हातारी माणसं, नवे कपडे घातलेली नातवंडं. गीतं झाली, शास्त्रपाठ झाला. प्रवचनाच्या वेळी करुणा उभी राहिली आणि म्हणाली, "आज संदेश मी देणार नाही. काल काय झालं ते आबा सांगतील. या देवळात अकरा वर्षं त्यांनी वचन सांगितलं आहे. मी त्यांना दोन वर्षांत एकदाही उभं केलं नाही. ती माझी चूक आहे."

आबांना हे आधी सांगितलेलं नव्हतं. ते उठले, टोपी काढली, पुन्हा घातली. मग बोलायला लागले. ज्यांची मुलं उसात होती त्या प्रत्येक घराला त्यांनी नाव घेऊन निरोप दिला. कुणाचा खोकला बरा आहे, कोण बारीक झालंय, कुणी आईसाठी पाठवलेलं लुगडं गाडीत आहे. मग परातीचं सांगितलं. एक म्हातारी रडत होती आणि हसतही होती. प्रवचन म्हणावं तर त्यात उपदेशाचं एकही वाक्य नव्हतं, पण अर्धा तास कुणी हललं नाही.

नंतर प्रभूभोजन झालं. मी मागे बसणार होते, पण माझ्या शेजारच्या आजींनी हाताला धरून पुढे नेलं आणि नाही म्हणायचं मला सुचलं नाही. रांगेत माझ्या डावीकडे आबा होते. करुणा ताट घेऊन एकेकापाशी थांबत आली. आबा उठले नाहीत. त्यांनी दोन्ही तळहात पुढे केले, खरखरीत, मधोमध चिरा पडलेले, आणि तिने त्यावर भाकरीचा तुकडा ठेवला. मग ती माझ्यापाशी आली. इतक्या वर्षांनी त्या तुकड्याची चव मला ओळखीची वाटली.

बाहेर आल्यावर आबा मला म्हणाले, "आज मी जरा लांबवलं, न्हाई का?"

मी म्हटलं, "थोडं."

"सवय गेली," ते म्हणाले. चेहऱ्यावरून ते खूश दिसत होते.

घरी

पुण्याला येऊन आता दीड महिना झाला. तुम्हाला तिकडे जायचं असेल तर दोन गोष्टी सांगते. तळावर बघायला म्हणून जाऊ नका. तिथे माणसं राहतात, काम करतात, आणि पाहुण्यासाठी काम बंद ठेवणं त्यांना परवडत नाही. ओळखीने जा, आधी विचारा, आणि कपड्यांपेक्षा ब्लँकेटं न्या, कारण उसात पाटाच्या पाण्याने रात्री फार गारठा पडतो. रस्ते एकूण चांगले आहेत. करंजी घाट धुक्यात जपून उतरा.

संक्रांतीला टोळीतल्या ख्रिस्ती कोयत्यांनी पाथर्डीकरांची ट्रॉली भरून दिली. दानियलने त्याचा व्हिडिओ पाठवला. त्यात कौसाबाई उषा मार्थाला मांडीवर घेऊन बसल्या आहेत आणि भरणाऱ्यांना सूचना देत आहेत, ज्या कुणी ऐकत नाही.

करुणाने आबांना आता एक काम दिलंय. महिन्यातून दोनदा ते एसटीने तळांवर जातात. त्यांच्या गावची माणसं जिल्ह्यात पाच ठिकाणी आहेत, ते एकेक तळ घेतात, संध्याकाळची उपासना करतात, मुक्काम करतात आणि सगळ्यांचे निरोप घेऊन गावी येतात. रविवारी ते निरोप देवळात वाचले जातात. करुणा म्हणते, आता माझ्या प्रवचनापेक्षा लोक त्याचीच वाट बघतात, आणि मलाही तेच ऐकायचं असतं.

मी काय घेऊन आले, असं माझ्या मुलीने विचारलं. मी तिला सांगितलं, की चाळीस वर्षं मी समजत होते की देवळात जायला विश्वास आधी लागतो. तिथे तर माणसं आधी एकमेकांची ट्रॉली भरत होती. माझा विश्वास किती आहे ते मला अजून माहीत नाही. पण परवा रविवारी मी घराजवळच्या देवळात गेले आणि शेवटच्या बाकावर बसले. उपासनेनंतर तरुण पाळक दाराशी हात मिळवत उभा होता. नवीन आलात का, त्याने विचारलं. मी म्हटलं, हो, आणि गाडी चालवता येते, कुठे न्यायचं असेल तर सांगा. त्याने लगेच खिशातून फोन काढून माझा नंबर घेतला.